मागचं दार आणि अंडीखाऊ कोंबड्या

कोंबडी स्वतःचंच अंडं खाते, हे रफूताईंनी कुणाकडून ऐकलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण समोर पुरावाच होता. खुराड्यातला भुसा ओला, कोपऱ्यात टरफलाचा तुकडा, आणि मास्तरीण नावाची तपकिरी कोंबडी चोचीला बलक लावून, मान वाकडी करून, उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तशी त्यांच्याकडे बघत होती.

"अगं सटवे!" रफूताई म्हणाल्या. "पोटच्या गोळ्यालाच खाल्लंस?"

मास्तरणीने चोच भुशाला पुसली आणि पाठ फिरवली. बाकीच्या दोघी, नकटी आणि पोलीस, ओल्या भुशात अजून काही सापडतंय का ते बघत होत्या. म्हणजे त्याही त्यातल्याच. सवय एकीला लागली की सगळ्यांना लागते, हे रफूताईंना पुढे कळलं.

रफूताई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बसून बाईंनी उभा जन्म रफू करण्यात घालवला होता. सिगारेटने जळलेली बाही असो, नाहीतर उंदराने कुरतडलेली ठेवणीतली शाल, त्या त्याच कपड्याच्या शिवणीतून धागा काढायच्या आणि भोक असं भरायच्या की गिऱ्हाईक ते शोधत बसायचं. "शोधायला वेळ असेल तर बसा," त्या म्हणायच्या, "मला नाही." बोलायला अशा फटकळ. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला त्यांनीच लहानाचं मोठं केलं. लग्नाचं राहून गेलं का, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "राहून नाही गेलं, मी ठेवून दिलं."

मागच्या वर्षी लॉन्ड्रीतून घरी येताना त्या चक्कर येऊन रस्त्यात पडल्या. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. भाऊ धावत आला, दवाखान्यात सगळ्यांसमोर लहान मुलासारखा रडला, आणि मनगटाचं प्लास्टर निघायच्या आत त्यांची भाड्याची खोली रिकामी करून त्यांना आपल्या घरी घेऊन आला. त्या घरात त्यांना काही कमी नव्हतं. औषधं वेळेवर, गादी मऊ, चहा हातात. फक्त सकाळी नवराबायको कामाला निघाली की पुढच्या जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लागायचं, आणि मागच्या दारालाही. किल्ल्यांचा जुडगा भावाच्या कमरेला.

"ताई, तुझ्या काळजीपोटीच करतो ना," तो म्हणायचा. "पुन्हा कुठे पडलीस तर मला कळणार कसं?"

भाऊ लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होता. मधेच बंद पडलेल्या लिफ्टमधून घाबरलेल्या माणसांना बाहेर काढायचं, धीर द्यायचा, पाणी पाजायचं, हे त्याचं रोजचं काम. हाच माणूस सकाळी बहिणीला कोंडून जायचा आणि त्यात त्याला काही विचित्र वाटायचं नाही. रफूताईंना मात्र सगळं वाटायचं, पण बोलता येत नव्हतं. वाईट वागणाऱ्याशी भांडता येतं. आपल्यासाठी रडलेल्या माणसाशी कसं भांडायचं? दिवसभर त्या खिडकीशी बसायच्या. समोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, आणि त्या भिंतीत कधीच न उघडणारी एक खिडकी.

कोंबड्या भावानेच आणल्या, ताईला विरंगुळा म्हणून. मागच्या अंगणात भिंतीला लागून खुराडं बांधलं, आणि मांजरांच्या भीतीने त्याला सगळीकडून घट्ट जाळी मारली. सकाळी भाऊ दाढी-आंघोळ उरकेपर्यंत मागचं दार उघडं असायचं. दाणा घालायचा, पाणी बदलायचं, अंडी गोळा करायची. दिवसातला तेवढाच वेळ त्या आभाळाखाली असायच्या, तेही कुणाच्या नजरेत न येता. या वेळेसाठी त्या आदल्या संध्याकाळपासून जगत होत्या, असं म्हटलं तरी चालेल.

आणि आता या भवान्या अंडी खायला लागल्या.

भावजय दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. बाई वाईट नव्हती, पण व्यवहारी होती. "वन्सं, दाणा आपण घालायचा आणि अंडी त्यांनीच खायची, हे कुठलं शास्त्र?" ती म्हणाली. "असंच चाललं तर रविवारी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याला देऊन टाकू."

कोंबड्यांचा जीव जाईल हे तर होतंच. पण कोंबड्या गेल्या की मागचं दार उघडायचं कारणच जाणार होतं. मग ती खिडकी, ती भिंत, आणि संध्याकाळपर्यंत त्या.

पहिला उपाय भावजयीनेच सुचवला. अंड्याला सुईने भोक पाडून आतलं काढून घ्यायचं, त्यात लाल तिखट भरायचं आणि खुराड्यात ठेवायचं. एकदा तोंड पोळलं की जन्माची अद्दल घडेल. सुईचं काम म्हटल्यावर रफूताईंचा हात कोण धरणार? भोक इतकं बारीक पाडलं आणि मेणाने असं बुजवलं की त्यांचं त्यांनाच दिसेना. तिखटही घरातलं सगळ्यात जहाल घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी कोंबड्या ते तिखट टरफलासकट चाटूनपुसून खाऊन बसल्या होत्या आणि पुढच्या वाढपाची वाट बघत होत्या. कोंबडीला तिखट लागतच नाही, हे घरात कुणाला ठाऊक असणार? शिंका मात्र रफूताईंना दिवसभर आल्या.

मग त्यांनी आपल्या पेटीतलं लाकडी अंडं काढलं. मोजे रफू करताना आत घालायला त्यांनी ते आयुष्यभर वापरलं होतं, हातात फिरून फिरून गुळगुळीत झालं होतं. ते खुराड्यात ठेवलं. मास्तरणीने त्यावर चोच मारली, टक्क आवाज झाला, आणि तिचा चेहरा असा पडला की रफूताई पोट धरून हसल्या. या घरात आल्यापासून त्या पहिल्यांदाच इतक्या हसल्या असतील. पण मास्तरीण हुशार निघाली. थोड्याच दिवसांत ती लाकडी अंड्याकडे ढुंकून न बघता फक्त गरम अंड्याच्या वाटेला जाऊ लागली.

शेवटी खरं सांगितलं ते दाणावाल्याने. तो पोतं टाकायला आला तेव्हा घरात रफूताई एकट्याच होत्या. पोतं जाळीतून आत येईना, म्हणून त्याने ते पायरीवर टेकवलं. कुलपाकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

"आजी, कोंबडी कोंडली की कंटाळते," तो म्हणाला. "जागा नाही, उकरायला माती नाही, चोचीला काम नाही. मग समोर येईल ते फोडते. शिंपल्यांचा चुरा द्या, टरफल टणक होईल. पण मुख्य म्हणजे अंडं घातल्या घातल्या उचला. दिसलंच नाही तर खाणार काय?"

"आणि दिवसभर उचलायला कुणी नसेल तर?"

"मग उताराची पेटी करा. तळ जरासा कलता ठेवायचा, मागे फट. अंडं पडलं की घरंगळत बाहेर जातं. कोंबडी वळून बघते तोवर काहीच नाही. थोड्या दिवसांत विसरते."

रफूताईंनी हे सगळं नीट ऐकून घेतलं. संध्याकाळी भावाला मात्र त्यातलं अर्धंच सांगितलं. अंडं घातल्या घातल्या उचलावं लागतं, एवढंच. उताराच्या पेटीचं नाव काढलं नाही. खोटं त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि तरी रात्री जेवताना त्यांची मान वर होईना.

भावाने बराच विचार केला. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. मागचं दार उघडं ठेवून जातो. पण मोबाईल गळ्यात अडकव, आणि अंगणाबाहेर पाऊल टाकायचं नाही."

ते दिवस रफूताईंचे सुखाचे गेले. अंगण ते केवढं, चार खाटा टाकल्या तर भरेल एवढं. पण ऊन होतं, माती होती, आणि पलीकडे वाकून बघता येईल इतकी बुटकी भिंत होती. भिंतीपलीकडे एक तरुण सुतारीण खुर्च्यांच्या बैठका विणायची. तिच्याशी त्या तासन् तास बोलायच्या, विणीतल्या चुका काढायच्या, तिला रागावायच्या आणि ती हसायची. भाऊ गेला की खुराड्याचं जाळीचं दार उघडून कोंबड्यांनाही मोकळं सोडायच्या. त्या माती उकरायच्या, उन्हात पंख पसरून लोळायच्या. अंडी बहुतेक वाचू लागली.

बहुतेकच. कारण एकदा सुतारणीला गाठ कशी लपवायची ते दाखवण्यात रफूताई रंगून गेल्या, आणि वळून बघतात तर मास्तरीण अंड्यावर ताव मारत होती. नेमका तो दिवस भावजयीच्या अर्ध्या सुट्टीचा. तिने दारातूनच पाहिलं.

"आता पुरे झालं, वन्सं," ती शांतपणे म्हणाली. "रविवारी चिकनवाल्याला बोलावते."

पुढचे दोन दिवस रफूताईंच्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. पेटीचं सांगावं तर दार बंद होणार, न सांगावं तर कोंबड्या कापल्या जाणार. मास्तरीण पायाशी येऊन उन्हात डोळे मिटून बसली तेव्हा त्यांना रडू आलं. आपल्या हौसेपायी हिची मान कशी कापायला द्यायची? शनिवारी चहा पिताना त्यांनी भावाला उताराची पेटी सांगून टाकली.

भाऊ हरखलाच. असलं काम म्हणजे त्याच्या हातचा मळ. सगळा शनिवार तो ठोकाठोकी करत बसला. आणि नुसती पेटी करून थांबेल तर तो भाऊ कसला? खुराडं स्वयंपाकघराच्या भिंतीलाच होतं. त्याने भिंतीला भोक पाडलं, पेटीचा उतार त्यातून आत घेतला, आणि ओट्याखाली मऊ कापड घातलेली पाटी लावली. अंडं तिकडे पडणार, ते थेट इकडे स्वयंपाकघरात. दाण्यासाठी पाइप बसवला, पाण्यासाठी उलटी बाटली.

"बघ ताई," तो घाम पुसत म्हणाला, "आता तुला अंगणात जायची गरजच नाही. बसल्या जागी अंडं हातात!"

इतक्या प्रेमाने म्हणाला की रफूताई "छान आहे" म्हणाल्या. सोमवारी दोन्ही दारांना कुलूप लागलं.

त्या दिवशी त्या ओट्याखालच्या पाटीशी पाट घेऊन बसल्या. पलीकडे कोंबड्यांची कुरकुर ऐकू येत होती. सुतारणीने भिंतीवरून "आजी, ओ आजी" अशा हाका मारल्या, त्याही ऐकू आल्या. उत्तर द्यायला तिकडे खिडकी नव्हती. मग खडखड झाली आणि एक अंडं घरंगळत येऊन पाटीत थांबलं. गरम, एका बाजूला पिसाचा तंतू चिकटलेला. त्यामागून भोकाच्या टोकाला मास्तरणीचा डोळा आला. ती अंडं शोधत होती.

रफूताईंनी अंडं हातात घेतलं, थोडा वेळ धरलं, आणि हात कोपरापर्यंत भोकात घालून ते परत वर ढकललं. मास्तरणीने एक क्षणही वाया घालवला नाही. नकटीचं अंडं आलं तेव्हाही रफूताईंनी तेच केलं. आपण काय करतोय हे त्यांना पुरतं कळत होतं. यातून दार उघडेल किंवा कोंबड्या मरतील, हेही कळत होतं. तरी हात थांबला नाही.

संध्याकाळी भावजयीने बलकाचा ओघळ पाहिला. भोकातून निघून भिंतीवरून खाली वाळला होता.

"घ्या!" ती म्हणाली. "एवढं करून पहिले पाढे पंचावन्न. चिकनवाल्याला आत्ताच फोन लावते."

"थांब, थांब," भाऊ म्हणाला. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढून तो कपडेही न बदलता गुडघ्यांवर बसला. "उतार कमी पडतोय. आणि इथे एक झडप लावतो, म्हणजे आलेलं अंडं परत जाणारच नाही."

भावजयीच्या हातात फोन होता. भावाचं डोकं ओट्याखाली होतं. रफूताई दोघांच्या मधे उभ्या होत्या.

"उतार बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "कोंबड्यांनी काही केलं नाही. मी ढकलली अंडी."

भाऊ ओट्याखालून बाहेर आला. "तू? का?"

"दार उघडावं म्हणून."

भावजयीने फोन खाली ठेवला. भाऊ जमिनीवरच बसून राहिला, आणि त्याच्या तोंडून शेवटी तेच आलं जे वर्षभर येत होतं.

"अगं पण ताई, पडलीस तर?"

"पडेन," रफूताई म्हणाल्या. "चालणारा माणूस पडतो, बाळ. मला या घरात सगळं मिळतं, आणि माझा जीव गुदमरतो. मला किल्ली दे."

भावाचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला. त्याने एक किल्ली चाचपली, कडीतून काढल्यासारखं केलं, पुन्हा सोडली. डोळे भरून आले होते.

"उद्या देतो," तो म्हणाला. "उद्या नक्की. आज विचार करू दे."

रफूताईंनी हात पुढे केला होता. मोडून जुळलेलं मनगट थोडं वाकडं होतं. त्यांनी तो मागे घेतला नाही.