जळकोटच्या हिरीचा उपसा

कमळीचा फोन आला. "माय, हिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येतुय. भाया (थोरले दीर) म्हनत्यात, बुजवून टाका." हिर बुजली तर दोन म्हशी इकायच्या आन पुण्याला कामाला जायचं, असं त्यांचं ठरत आलं हुतं. म्या म्हनलं, आपण डोळ्यानं बघून यावं. येसर (आमटीसाठी भाजून दळलेलं पीठ) बांधलं आन माकणीतनं यष्टी धरली.

लोहाऱ्याला गाडी बदलली. शेजारची बाई म्हनली, "तुळजापूरला का, मावशी?"

"न्हाय. लेकीची हिर बघाया."

"हिर बघाया तिकीट काढलं व्हय!"

"तिकीट कुठलं? म्हातारीला फुकट हाय."

जळकोटात हायवे वलांडता वलांडता लई येळ गेला. पलीकडं पेट्रोल पंप, बंद. जागोजागी जमिनीतनं पांढरे पाईप वर आलेले, यंत्र घुरघुरतंय. त्याच्या मागंच कमळीचं रान.

हिर काठोकाठ भरलेली. म्या दुष्काळात तळातलं पाणी वाटीनं भरलंय. पर भरल्या हिरीवर तहानलेलं बसायचं, हे नवंच बघितलं.

जावई मोटार चालू करायच्या तयारीत. आमच्याकडं हिरीत कुत्रं पडून मेलं की तीनदा उपसा करत्यात, सगळं पाणी काढून टाकत्यात. नवं पाणी आलं की हिर चोख. यांचे दोन उपसे झालते, आन दर उपशाला वास वाढतच गेलता.

तेवढ्यात पंपाकडनं एक पोरगी पळत आली, तितल्या कामावरची म्याडम. "दादा, मोटार चालू करू नका!"

भाया तडकले. "तुमी तिकडं जमिनीत हवा फुका. आमाला पाणी पायजे."

म्या जाऊन स्टार्टरम्होरं बसले. "जावयबापू, आधी पोरीचं ऐका. न्हायतर मला उचलून बाजूला ठिवा."

"मामी, उठा की," जावई म्हनले. हात कोन लावतंय?

पोरीनं सांगितलं. पंपाची जुनी टाकी गळली. पेट्रोलात एक औषध घातलेलं असतं, ते पाण्यात साखरेवानी इरघळतं आन पाण्याबरुबर चालत जातं. "हिर रिकामी केली की चहूकडचं पाणी तिच्याकडं धावतं. पंपाखालचंसुद्धा."

जावयानं हिरीत डोकावून बघितलं. "म्हंजे म्याच बोलावून घेतलं व्हय?"

"तुम्हाला कोण सांगणार होतं, दादा," ती म्हनली.

मग मला हाताला धरून तिनं सगळं दाखवलं. कामावरच्या पोरांनी उन्हातान्हात काळा पाषाण भोसकून भोकं पाडलेली. एका नळीनं खाली हवा सोडायची, दुसरीनं पेट्रोलची वाफ वढून घ्यायची. टाकीजवळचं पाणी तितंच उपसून कोळशाच्या उंच पिंपातनं काढायचं.

"चुलीतला कोळसा?"

"नारळाच्या करवंटीचा, आजी."

पिंपातनं पाणी नितळ आलं, वास न्हाय. म्या ओंजळ केली तर तिनं हात धरला. "वास गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही. तपासून येऊ द्या." शिकली, तरी घाई न्हाय. मला लई आवडलं.

दुपारी येसराची आमटी, भाकरी, समदी एका पंगतीला. भाया म्हनले, "आमटी झ्याक. पर हिरीचं काय?"

"बुजवली तर खालची घाण तशीच राहील," पोरगी म्हनली. "उघडी ठेवा. पाणी किती सुधारलं ते आम्हाला तिच्यातच कळेल. वर्ष जाईल, जास्तही जाईल. तोवर पंपवाल्याचा टँकर येईल, म्हशींनाही."

भायांनी हात धुतले, आन जावयासंगं हिरीतली मोटार वर वढून काढली.

दुसऱ्या दिवशी माकणीला आले. शेजारीण इचारी, "देव करून आलीस का?"

"न्हाय. जमिनीच्या पोटातलं पाणी धुणारी माणसं बघून आले." तिला पटलं न्हाय. मला तरी कुठं पटलं असतं, तिच्या जागी असते तर.

सांजच्याला कमळीचा फोन. "माय, म्हशीचा गिऱ्हाईक आलता. भायांनी त्याला च्या पाजून वाटंला लावला."