लग्नाच्या फायलीतला कागद

बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली होती. रक्तातला पीएसएचा आकडा पुन्हा चढला, म्हणून डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला. कॅन्सर कुठवर पसरलाय ते त्यात दिसतं. जवळपासच असला तर रेडिएशनने बरा होण्याची आशा. हाडांत शिरला असला तर तो फक्त औषधांनी रोखून धरायचा.

विश्रांतवाडीहून आम्ही स्कॅन सेंटरवर अर्धा तास आधीच पोचलो. बाबा निवृत्त हेडक्लार्क, त्यांना उशीर खपत नाही. शिरेतून द्यायचं औषध त्याच सकाळी बनवतात आणि ते कुणासाठी थांबत नाही, हे ऐकून ते खूष झाले. "या शहरात एक तरी वस्तू वेळ पाळते म्हणायची!"

फॉर्म भरणाऱ्या बाईंनी विचारलं, "पीएसए पहिल्यांदा वाढलेला कधी दिसला, काका?"

"गेल्या महिन्यात," मीच म्हणाले.

बाबा खाली बघत म्हणाले, "नाही. नऊ महिने झाले."

नऊ महिन्यांपूर्वी माझं लग्न होतं.

"कुठाय तो रिपोर्ट?" मी विचारलं.

"तुझ्या लग्नाच्या फायलीत. घरात कार्य होतं. म्हटलं, ते पार पडू दे."

"आणि नंतर?"

"नंतर तुझी पहिली संक्रांत. मग मंगळागौर."

इंजेक्शन देऊन त्यांना तासभर एकटं बसवलं. मी बाहेर संतापाने येरझारा घालत होते. लग्नाच्या पंगतीत बाबा आग्रह करकरून जिलेबी वाढत होते, तेव्हा या माणसाला हे माहीत होतं! मला माझं लग्नच नकोसं झालं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला गेलो, तर बाबा बाहेरच्या बाकावरच बसले. "तू जा आत," म्हणाले. डॉक्टरांनी स्क्रीनवर चित्र दाखवलं. गालांखाली, मूत्रपिंडांत, मूत्राशयात नुसता लखलखाट. "एवढं पसरलंय?" मी विचारलं.

"ते सगळ्यांचंच उजळतं," म्हणत त्यांनी पेनाचं टोक मणक्यावर ठेवलं. मग खुब्यावर. मग बरगडीवर. पुढचं मला बघवेना.

"नऊ महिन्यांपूर्वी आलो असतो तर?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. नक्की 'हो' म्हणाले असते तरी चाललं असतं, निदान बाबांवर मनसोक्त चिडता आलं असतं.

बाहेर येऊन मी बाबांना सगळं सांगून टाकलं. लपवाछपवीचा मला वीट आला होता. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"आईला लगेच सांगू नकोस," ते म्हणाले. "परवा गणपती बसतायत. तेवढे पार पडू देत."

मी भांडायला तोंड उघडलं. पण त्यांना चष्मा काही केल्या कानांवर चढवता येत नव्हता. मी तो घेतला आणि त्यांच्या डोळ्यांवर लावला.

घरी आईने दार उघडलं. हात तांदळाच्या पिठाने माखलेले. "काय आलं गं रिपोर्टात?"

रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता.

"अजून मिळाला नाही," मी म्हणाले. "गणपती झाले की देतील."