उमरग्याहून आलेला निरोप

काचीगुड्याला एका खोलीत दर रविवारी मी मुलांना मराठी शिकवते. मुलं कसली, त्यातली दोन-तीन लग्नाला आली आहेत. घरी मराठी ऐकतात, बोलताना निम्मं तेलुगू घालतात आणि देवनागरी पान दिसलं की बावरतात. गेल्या वर्षी एका पालकांनी भाषा शिकवणारं ॲप वर्गात आणलं, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आपण वाक्य बोलायचं, फोन उच्चार तपासणार आणि तारे देणार. पण पोरं आपणहून बोलू लागली, आणि महिन्याभरात त्या ताऱ्यांचं वेड त्यांच्यापेक्षा मलाच जास्त लागलं.

माझी भाचीही त्याच वर्गात. बावीस वर्षांची, आयटीत नोकरीला. तिने मैत्रिणींबरोबर तीन दिवसांत सायकलने सोलापूर गाठायचं ठरवलं. माझी बहीण मुळात घाबरट. तिने परवानगी दिली ती एका अटीवर: जेवण झालं की रोज मावशीला निरोप पाठवायचा. मी म्हटलं, मग ॲपवर मराठीत बोलूनच पाठव, तेवढाच सराव.

"हौ मावशी, टेन्शन नक्को," ती म्हणाली.

पहिल्या संध्याकाळी जहीराबादहून तिचा आवाज आला, "मी पोळी, भाजी आणि दही खाल्लं." पाचपैकी पाच तारे! मी फुलून गेले. तो निरोप वर्गाच्या ग्रुपवर टाकला, वर 'शिका काहीतरी हिच्याकडून' असा टोमणाही मारला. दुसऱ्या दिवशी उमरग्याहून आलं, "मी वरण-भात पोटभर जेवले." चारच तारे. पाचवा कुठे गेला म्हणून मी ते तीनदा ऐकलं. 'पोटभर'मधला भ जरा पडला होता, तो तिला लगेच कळवला. मग बहिणीला फोन करून सांगितलं की लेक मजेत आहे, चांगली जेवते आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मैत्रिणीचा फोन आला. नळदुर्गच्या अलीकडे भाची चक्कर येऊन सायकलवरून पडली होती. आम्ही दोघी बहिणी गाडी करून धावलो. दवाखान्यात तिला सलाईन लावलेलं, ओठ सुकून गेलेले. डॉक्टर आमच्यावरच चिडले. "एवढी सायकल चालवायची तर भूक नसली तरी तासातासाला काहीतरी पोटात जायला हवं. ही दोन दिवस नुसत्या बिस्किटांवर आहे!" पहिल्याच दुपारी उन्हाने तिला उलटी झाली होती. त्यानंतर जेवणाचा वासही तिला सोसवत नव्हता.

बहीण औषधं आणायला गेली, तेव्हा मी भाचीला रागानेच विचारलं, "मग मला खोटं का सांगितलंस?"

"आईला कळलं असतं तर रस्त्यातूनच वापस नेलं असतं ना," ती म्हणाली. मग डोळे मिटून घेत म्हणाली, "मला वाटलं होतं, तुला तरी आवाजावरून कळेल."

मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि उमरग्याचा तो निरोप पुन्हा लावला. चार शब्दांचं वाक्य. प्रत्येक शब्दाआधी ती थांबत होती, श्वास घेत होती. शेवटी आवाज चक्क रडवेला झाला होता. मला माझीच लाज वाटली.

बहीण औषधं घेऊन आली. म्हणाली, "काय ऐकतेस? मला पण दे."

मला फोन तिच्या हातात देववेना.