जोडीतलं एक

बॅग भरण्याची अक्कल देवाने या पृथ्वीतलावर एकट्या आपल्यालाच दिली आहे अशी माझ्या धाकट्या मामाची पक्की समजूत आहे, आणि आमच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात ती खोडून काढायची आजवर कोणाची छाती झालेली नाही. मामा स्वतः नागपूरच्या हमरस्त्यावरच्या जाम गावापासून आत, गिरडच्या रस्त्यावरच्या आपल्या गावात वांगी, टमाटे आणि मेथी-पालक पिकवतो. त्याचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नागपूर, तोही हात हलवत गेला आणि हात हलवत आला असा. पण घरातलं कोणी शिकायला, नोकरीला किंवा नांदायला निघालं की आधी मामाला फोन जातो, तिकिटाचं मग पाहू.

मामा येतो तो हत्यारं घेऊन. भाजीची पोती तोलायचा लटकता काटा, सुतळीचं बंडल आणि पोत्याचं तोंड शिवायचा दाभण. बॅगेसमोर मांडी घालून बसला की तो खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढतो, ज्याची बॅग आहे त्यालासुद्धा. जड माल तळाशी, नाजूक मधोमध, आणि कोपऱ्यात बोटभर जागा राहिली की तिथे लसणाच्या पाकळ्या. ‘हालते तो माल मार खाते’ हा त्याचा बाजारातला अनुभव, त्यापुढे जाणाऱ्याला लसूण हवा आहे की नाही हा प्रश्न गौण. माझ्या मावसभावाने मुलाखतीच्या वेळी घाम पुसायला म्हणून कोटाच्या खिशातून रुमाल काढला तर समोरच्या साहेबांच्या टेबलावर लसूण सांडला होता. नोकरी मिळाली, त्याचं श्रेय मामा अजून लसणाला देतो. बॅगेच्या चेनवर त्याचा काडीचा विश्वास नाही. कॅनडाला निघालेल्या त्याच भावाच्या नव्याकोऱ्या बॅगेचं तोंड मामाने दाभणाने शिवून टाकलं होतं. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्यांना ती उघडायला कात्री शोधावी लागली, हे कळल्यावर मामाला शरम वाटायच्या ऐवजी छाती फुगली. तो गावभर सांगत सुटला की आपली शिवण परदेशी सरकारलाही उसवता आली नाही.

पण त्याची खरी खोड वेगळीच. सगळं भरून झालं की तो जोडीतली एक वस्तू मागे ठेवून घेतो, आणि तीही सगळ्यांदेखत. जाणाऱ्याचं काही घरी राहिलं की तो परत येतो असं आमच्याकडे पुष्कळ जण मानतात, आणि म्हणून एखादा रुमाल, एखादा कंगवा विसरल्यासारखा करतात. मामाला हा कच्चा कारभार मान्य नाही. रुमाल कुठेही दुसरा मिळतो, असं त्याचं म्हणणं. जोड फोडली पाहिजे, म्हणजे तिकडे गेलेली अर्धी वस्तू माणसाला रोज टोचत राहते. मी पुण्याला शिकायला निघाले तेव्हा त्याने पोळपाट बॅगेत घातला आणि लाटणं ठेवून घेतलं. काचेच्या बाटलीने पोळ्या लाटत मी शिक्षण पुरं केलं, आणि माझ्या खोलीतल्या मुली समजत होत्या की विदर्भात अशीच रीत असते. कॅनडातला भाऊ एक हात मोज्यात आणि एक हात खिशात घालून बर्फात हिंडला. आम्ही सुट्टीत आलो की मामा फाटकातच वस्तू हातात ठेवायचा आणि म्हणायचा, “घे तुह्यी अमानत.” आम्ही त्याच्यावर चिडायचो, त्याला नावं ठेवायचो. पण खरं सांगते, पुण्यात घरची आठवण आली की मला आईच्या आधी ते लाटणं आठवायचं. ते मामाच्या घरी कुठेतरी माझी वाट पाहत पडलं आहे, एवढ्याने जिवाला बरं वाटायचं.

मग त्याच्याच घरची बॅग भरायची वेळ आली. रेणू, त्याची एकुलती एक लेक, मातीचा अभ्यास करायला नेदरलँड्सला निघाली. “माती शिकाले तिकडे काऊन? इथची सरली काय?” एवढं एकदाच तो बोलला, आणि तिची निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी जामहून पेढे घेऊन आला. त्यानंतर अख्खा उन्हाळा त्या घरात बॅग भरणं आणि रिकामी करणं चालू होतं. विमान कंपनीने ठरवून दिलेल्या वजनाच्या वर काटा तसूभर गेला की मामा सगळं उपसायचा. मामीने गिरडच्या टेकडीवरून एक गोल दगड आणला होता. तिथे सुपारीसारखे गोल दगड सापडतात, एका व्यापाऱ्याचा माल टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांच्या शब्दाने दगड झाला अशी गोष्ट आमच्याकडे लहानपणी सगळ्यांना ऐकवतात. मामीला तो लेकीच्या सोबतीला द्यायचा होता. दगडाला वजन असतं यावर मामाने तिच्याशी दोन दिवस वाद घातला, आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्याने मूठभर तुरीची डाळ काढून दगडाला जागा केली. रेणूच्या पाठीवरच्या पिशवीला मात्र त्याने शेवटपर्यंत हात लावला नाही. तिच्यात कॉम्प्युटर होता, आणि आपला धक्का लागून त्यातलं शिक्षण सांडेल अशी त्याला धास्ती होती.

निघायच्या दिवशी आमच्या सेलूहून मी आणि इकडचेतिकडचे सगळे जमलो होतो. मामा आता काय ठेवून घेतो यावर पैजा लागल्या होत्या. कोणी म्हणे मोजा, कोणी म्हणे डब्याचं झाकण. लेकीच्या वेळी तो निदान अर्धी बॅग ठेवून घेईल असं माझं मत होतं. मामाने एकेक वस्तू भरली, लसूण खोचला, दाभणात सुतळी ओवली आणि बॅगेचं तोंड शिवून गाठ मारली. आम्ही पाहतच राहिलो. त्याच्या हातात काहीच नव्हतं.

“बाबा, काई ठेवलं नाई?” रेणूने विचारलं. ती हसत होती, पण नीट हसत नव्हती.

“गाडी आली,” मामा म्हणाला, आणि बॅग खांद्यावर घेऊन बाहेर पडला.

नागपूरला तिला सोडून परत येताना आम्ही जामला चहाला थांबलो. मामी गाडीतच डोळ्याला पदर लावून बसली होती. मला मामाचा राग आला होता. आम्हा परक्या घरच्या पोरांना परत आणायला याने लाटणी-मोजे दडपले, आणि पोटच्या पोरीला कोरडी का पाठवली, असं मी त्याला सरळ विचारलं. मामाने चहा बशीत ओतला.

“तुमाले आणाची माही हाव होती, बाई,” तो म्हणाला. “हिच्याबाबतीत तर ते हाव लयच मोठी आहे. म्हणून भेव लागलं. तिले तिकडं चांगलं वाटलं, तिथंच राहावं वाटलं, त माह्याजवळच्या एका मोज्यापायी तिनं वापस काऊन या?”

बशीतला चहा त्याने प्यालाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वावरात जायला निघाला तर त्याची वावरात घालायची उजव्या पायाची चप्पल गायब. डावी दारात जागच्या जागी. त्याने सगळा संशय शेजारच्या कुत्र्यावर घेतला. गोठा पाहिला, उकिरडा पाहिला, कुत्र्याच्या मालकाशी अबोला धरला. मामीने नवी जोडी घ्यायला सांगितलं तर म्हणे सापडेल, कुत्रं चप्पल पचवू शकत नाही. तो अनवाणीच वावरात जायला लागला.

पुढच्या रविवारी मी तिथेच होते तेव्हा रेणूचा व्हिडिओ कॉल आला. पोचल्याचं कळवून झालं, थंडी सांगून झाली, बॅग उघडायला शेजारणीकडून सुरी आणावी लागली हेही सांगून झालं. मग पडद्यासमोर तिने एक चप्पल धरली. जाडजूड, टाचेला झिजलेली, तळव्याला आमच्या वावरातली काळी माती वाळून चिकटलेली.

“तुमी माहं काईच ठेवलं नाई,” ती म्हणाली. “तुमी सुतळीची गाठ मारली आन् मले कसंतरीच झालं. मंग मीच तुमची पाठीवरच्या पिशवीत टाकून घेऊन आली.”

मामा फोन डोळ्यांजवळ नेऊन ती चप्पल पाहत राहिला. मला वाटलं तो आता रडतो. “त्या कुत्र्याले मी फुकटच शिव्या देल्या,” तो म्हणाला. “सांभाळजो. ओल लागू नको देजो तिले.”

आता रेणूचं शिक्षण संपत आलं आहे. तिकडेच पुढे संशोधनाची जागा मिळेल असं ती म्हणते, आणि ती म्हणते तेव्हा मामा जोरजोरात मान हलवतो. मामीने समुद्रपूरच्या बाजारातून त्याला नवी जोडी आणून दिली, तो ती वापरतो. डावी जुनी चप्पल मात्र दाराशी तशीच आहे. मामी झाडताना ती उचलून बाजूला ठेवते, मामा पुन्हा जागेवर आणून ठेवतो. जोड फुटली की अर्धी वस्तू रोज टोचते हा त्याचाच सिद्धांत त्याच्याच दारात येऊन बसला आहे, असं मी त्याला चिडवते, पण आता चिडवण्यात पूर्वीसारखी मजा येत नाही. मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा भाजी न्यायला आलेल्या एका व्यापाऱ्याचा पाय त्या चपलेला अडखळला. एका पायाची चप्पल कोणी ठेवतं का, असं तो म्हणाला.

“जोड आहे ते,” मामा म्हणाला. “दुसरी शिकाले गेली.”

आणि वाकून त्याने चप्पल सरळ केली, शेजारी एका चपलेपुरती जागा सोडून.