वडूजच्या पुढचा मुक्काम

विश्रामबागेत, कॉलेजच्या मागच्या गल्लीत आप्पासोंचं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर आणि थापटी मारल्याशिवाय कागद न ओढणारा प्रिंटर. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, दाखला मिळणेबाबत, नाव बदलणेबाबत, अशा जगातल्या सगळ्या 'बाबत' तीस वर्षं त्यांच्या बोटांखालून गेल्या. गिऱ्हाईक बोलायचं थांबलं की टायपिंगही संपलेलं असायचं. या बोटांचा त्यांना गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. मोबाईलवर नुसतं बोलून मराठी लिहिणारा माणूस दुकानात आला, तर आप्पासो त्याचं काम करत, पण त्याला बस म्हणत नसत.

मूळ गाव म्हसवड, घर मेंढरांचं. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन पाटणच्या अंगाला निघायचे आणि उन्हाळा संपता संपता परत यायचे. दहा वर्षांचे होईपर्यंत आप्पासोही घोड्यावरच्या बोचक्यांत बसून गेले. मग शाळेसाठी सांगलीच्या वसतिगृहात आले, टायपिंग शिकले आणि इथलेच झाले. त्यांच्या बायकोची, हरणाबाईची गोष्ट वेगळी. ती लग्न होईपर्यंत दरसाल ती वाट चालली होती. सांगलीच्या फरशीवर तिचा पाय शेवटपर्यंत रमला नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती दुकानात येऊन बसायची. शाळा तिने पाहिली नव्हती, पेन्सिल कधी धरली नव्हती. एक दिवस म्हणाली, मला हे बडवायला शिकवा. आप्पासोंनी थट्टेत तिचंच नाव शिकवलं. ह इंग्रजी जीच्या बटणावर, र जेवर, ण म्हणजे फुलस्टॉप आणि के, मग काना, तो पुन्हा के. थट्टा तिथंच संपली, कारण वर्षभरात बाई एकेका बोटाने वाक्यं लिहायला लागली. काय लिहितेस म्हटलं, तर म्हणाली, वाट लिहिते. म्हसवडपास्नं पाटण आणि माघारी, सगळे मुक्काम.

"पुरं झाल्यावर वाचा," तिने बजावलं होतं. "मधीच न्हाई."

आप्पासोंनी शब्द पाळला. तीन वर्षांपूर्वी हरणाबाई आजारपणात गेली, तरी पाळला. खरं सांगायचं तर आता तो शब्द राहिला नव्हता, भीती होती. फाईल वाचली नाही तोवर हरणाचं काहीतरी ऐकायचं बाकी होतं. वाचून झाली की तेही संपणार. म्हणून रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला की त्या फाईलच्या नावावर नजर टाकायची आणि कामाला लागायचं, एवढाच त्यांचा नेम.

गेल्या दिवाळीच्या आसपास कॉम्प्युटर रोज एक पाटी दाखवायला लागला. ही सिस्टिम आता जुनी झाली, आम्ही हिची काळजी घेणार नाही, नवी घ्या. नवी त्या मशीनला झेपणार नव्हती. आप्पासो हे शेजारच्या लालासाहेबांना बोलले आणि तिथंच फसले.

लालासाहेब वाळव्याकडचे, ऊसवाल्या घरातले. सैन्यात सिग्नलमध्ये बावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. माणूस सोन्यासारखा, पण लिनक्स नावाच्या सिस्टिमचा विषय निघाला की त्यांच्या अंगात यायचं. फुकट हाय, व्हायरस न्हाई, जुन्या मशीनवर लय पळतंय, एवढं त्यांनी चहाचा एक घोट न घेता सांगितलं. दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह घेऊन हजर. आप्पासोंची सगळी कागदपत्रं त्यांनी इमानदारीने बाजूला काढली, डिस्क धुऊन काढली, नवी सिस्टिम घातली आणि कागदपत्रं परत जिथल्या तिथं ठेवली.

मशीन पळायला लागलं, यात शंका नाही. पण आप्पासो बसले ते बसलेच. मराठी कीबोर्ड होता, पण अक्षरं भलत्याच घरांत राहायला गेलेली. बोटं जुन्या घरी जायची आणि पडद्यावर कुणी परकंच दार उघडायचं. 'अर्जदार' लिहायला पाव तास लागला. प्रिंटर तर आता थापटीलाही दाद देईना. लालासाहेब म्हणायचे, पंधरा दिसांत सवय हुती. आप्पासो म्हणायचे, मला साठावं लागलं आहे, सवय लावायची की मोडायची? गिऱ्हाईकं पुढच्या चौकात जायला लागली, आणि जाताना नमस्कारही करायला लागली, याचा राग जास्त.

हे सगळं त्यांनी गिळलं असतं. पण पाचव्या दिवशी सकाळी त्यांची नजर हरणाबाईच्या फाईलवर गेली आणि मनात पाल चुकचुकली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती उघडली. आत पानंच्या पानं इंग्रजी अक्षरं होती, स्वल्पविराम, कंस, प्रश्नचिन्हं. मराठीचा एक काना दिसत नव्हता.

लालासाहेब धावत आले, बघितलं आणि काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं. कागदपत्रं त्यांनी वाचवली होती, पण ज्या फॉन्टमध्ये ती मराठी दिसायची, तो सिस्टिमच्या पोटात होता. पोट धुतलं तेव्हा तोही गेला. आणि तो साधासुधा फॉन्ट नव्हता. सांगलीतल्या एका दुकानदाराने टाइपरायटरवाल्यांसाठी बनवून सीडीवर दिलेला. ते दुकान महापुरात गेलं, सीडीही गेली.

"आप्पा, माझी चूक झाली," लालासाहेब म्हणाले. "कुठनं तरी आणतो मी."

"आवं सुभेदार, वाचायच्या वक्ताला वाचलं न्हाई ते मी," आप्पासो म्हणाले. "तुमी काय आणणार?"

आठ दिवस ते शेजाऱ्याशी बोलले नाहीत. दुकान उघडायचं, ती फाईल उघडायची आणि बघत बसायचं. तीन वर्षं हातात होती, तेव्हा जपून ठेवली. आता तळमळून वाचायची होती, तर ती अशी. हरणा परकी भाषा बोलत समोर बसल्यासारखी वाटे, आणि त्यांना रडू येई.

नवव्या दिवशी बघता बघता त्यांची बोटं टेबलावर हलली. पडद्यावर जी होता, अंगठ्याशेजारचं बोट सरकलं. जे. फुलस्टॉप. के. के. डोळ्यांना कळायच्या आत हातांना कळलं होतं. हरणा.

आप्पासो ताठ बसले. तिने जे बटण दाबलं होतं, तेच अक्षर पडद्यावर उभं होतं. फॉन्ट गेला होता, बटणं गेली नव्हती. त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि लाकडी टेबलावर बोटांनी वाचायला लागले. एकेक शब्द वाजवायचा आणि मनात ऐकायचा.

दहिवडी, विहिरीला पाणी गोड. वडूज, धोंड्या नावाचं कोकरू हरवलं, घावलं. पुसेसावळी. मसूर, पाटलीणबाईनं भाकरी दिली, रानात दोन रात्री मेंढरं बसवली. उंब्रज. मल्हारपेठ, पाय सुजला. पाटण, गार वारा, लय झाडी, इथं ऱ्हावं वाटलं. मधूनच बोट चुकलेलं, शब्द भलताच झालेला. तीस वर्षं लोकांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या माणसाने एकही चूक ओलांडली नाही, प्रत्येक चूक तिच्यासारखीच वाजवली.

माघारीची वाट वडूजपर्यंत आली आणि ओळी संपत आल्या. शेवटी तिने घातलेली तारीख दवाखान्यात नेण्याच्या आदल्या आठवड्यातली होती. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाजवली.

"बोटं उचलत न्हाईत. म्होरलं तुमी लिवा. तुमाला वाट ठावं हाय."

म्हणजे फाईल पुरी झालीच नव्हती. तीन वर्षं ती त्यांचीच वाट बघत बसली होती, आणि हे तिच्या नावाला रोज सकाळी नुसता नमस्कार करत होते.

पुढे महिन्याभरात लालासाहेबांनी कराडहून एका जुन्या टायपिस्टकडून त्या फॉन्टची सीडी मिळवली. फॉन्ट बसला, प्रिंटरही त्यांनी माणसात आणला. दुकान पुन्हा चालू लागलं. हरणाबाईची पानं पडद्यावर मराठीत उभी राहिली तेव्हा खाली आणखी बऱ्याच ओळी होत्या, आप्पासोंनी या महिन्यात कीबोर्ड इंग्रजीवर ठेवून बोटांच्या अंदाजाने लिहिलेल्या. लालासाहेबांनी वाचल्या आणि गोंधळले.

"वडूजपास्नं दहिवडी एका दिसाची वाट," ते म्हणाले. "तुमी पंचवीस मुक्काम केल्यात व्हय?"

आप्पासो एकेक ओळ वर सरकवत गेले. एका बाभळीखालचा मुक्काम झाला होता, एका ओढ्याचा, एका मोटेच्या विहिरीच्या पडक्या धावेचा. आठवत होतं तेवढं झाल्यावर त्यांनी आठवत नव्हते तेही घातले होते. दहिवडी आली की पुढे म्हसवड, आणि म्हसवड म्हणजे घर. घर कसं लिहायचं हे त्यांच्या बोटांना पाठ होतं, प्रश्नचिन्ह, के, जे. तीनच बटणं. रोज दुकान बंद करायच्या आधी ते एक ओळ लिहितात, आणि ती तीन बटणं त्यांनी अजून दाबलेली नाहीत.