तोंडी परीक्षेआधी

सकाळी चूळ भरली आणि तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी आपोआप गळून शर्टावर आलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची डावी बाजू खाली उतरलेली, डोळा मिटता मिटेना. बायकोला हाक मारली, तीही नीट उमटली नाही. परभणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मेंदूचं काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. बरं होईल, पण वेळ लागेल. नेमका तोच माझ्याकडे नव्हता. बॉयलर इंजिनिअरच्या परवान्याची तोंडी परीक्षा महिन्यावर आली होती.

मी राणीसावरगावचा. जवळच्याच एका साखर कारखान्यात बॉयलरवर शिफ्ट इंजिनिअर आहे. पदवी होती, अनुभव होता, पण परवान्याशिवाय बॉयलरची जबाबदारी माझ्या नावावर लागत नव्हती. आमचे मुख्य इंजिनिअर हंगाम संपताच निवृत्त होणार होते आणि मला परवाना मिळाला नाही तर त्यांच्या जागी बाहेरचा माणूस येणार, हे ठरलेलं होतं. गाळप चालू असताना अभ्यास करायचा म्हणजे जेवणाच्या सुट्टीत पुस्तक उघडायचं आणि पानांवर उडून आलेला, बॉयलरमध्ये जळण म्हणून घालायचा उसाचा चोथा झटकत वाचायचं. लेखी परीक्षा पार पडली होती. तोंडीत मात्र मागच्या वेळी नापास झालो होतो. ‘बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर काय कराल?’ असं विचारल्यावर मी घाबरून म्हणालो होतो, ‘लगेच पाणी सोडेन.’ तापलेल्या नळ्यांवर पाणी सोडलं तर बॉयलर फुटू शकतो, हे मला पाठ होतं. जीभ मनाच्या पुढे धावली. आणि आता तर ती जीभही माझं ऐकत नव्हती.

‘‘तुमी एकदा पोखर्णीला जाऊन या, नरसिंहाला सांगा,’’ बायको म्हणाली.

मी चिडलो. ‘‘नस सुजली, त्याला देव काय करणार?’’

‘‘काय करायचं ते त्याचं तो बघंल. तुमी जाऊन तर या.’’

गेलो, तो विश्वासाने नव्हे. तिचं मन मोडवेना म्हणून. रुमालाने तोंड झाकून रांगेत उभा राहिलो. पुढे एक म्हातारी सुनेचा हात धरून उभी होती. पदर सावरायला तिने हातातला नारळ माझ्याकडे दिला आणि कुठून आलास म्हणून विचारलं. मी रुमालाआडून घाईघाईत उत्तर दिलं. तिला कळलं नाही. पुन्हा बोललो, पुन्हा सगळे शब्द एकमेकांत गुंतले. तेव्हा ती माझ्याकडे पूर्ण वळली, आणि मला दिसलं, तिचंही तोंड एका बाजूला ओढलेलं होतं.

‘‘झाकलंस कशाला? मह्यासारखंच हाय की तुहं,’’ ती हसली. एकेक शब्द ठेवत ठेवत बोलत होती. ‘‘लय घाई करायलास, लेकरा. सावकाश बोल. त्यो काय पळून जायलाय व्हय?’’

गाभाऱ्याचं दार ठेंगणं. अंग चोरून, मान खाली घालूनच आत शिरावं लागतं. परीक्षा, नोकरी, चेहरा, सगळं मागायचं ठरवून गेलो होतो. ओठांतून फक्त नाव निघालं, तेही तुटक तुटक. मिटत नसलेल्या डोळ्यातून पाणी तसंही सारखं गळायचं. त्या वेळी दुसऱ्याही डोळ्यातून आलं.

घरी आल्यावर रुमाल काढून ठेवला. बायको समोर बसून प्रश्न वाचायची, मी एकेक शब्द उच्चारत उत्तर द्यायचो. चेहरा थोडा सुधारला, पण परीक्षेपर्यंत सरळ काही झाला नाही. सरळ होऊ दे हे मागणंही कुठेतरी गळून पडलं होतं.

पुण्याला परीक्षकांसमोर बसलो. माझ्याकडे पाहून दोघांतले वयस्कर परीक्षक म्हणाले, ‘‘सावकाश सांगा. आम्हाला घाई नाही.’’ अंगावर काटा आला. मग त्यांनी विचारलं, काचेत पाणी दिसत नाही, काय कराल? शब्द जुळवायला मला वेळ लागत होता, आणि त्या वेळात मन शांतपणे पुढे जाऊन उभं राहत होतं. ‘‘आधी... आग बंद. चोथा आणि हवा... थांबवेन. पाणी... सोडणार नाही. बॉयलर आपोआप... थंड होऊ देईन.’’ त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

मी पास झालो. चेहरा पुढे उन्हाळ्यात सरळ झाला; औषधाने म्हणा, दिवसांनी म्हणा, मी त्याचा वाद घालत नाही. जे मी संकट समजत होतो, त्याच्याच आडून नरसिंहाने माझी घाई काढून घेतली, एवढं मला कळतं. रांगेतल्या त्या माउलीचं नावही मी विचारलं नाही. रोज देवापुढे हात जोडताना तिलाही नमस्कार करतो.

या हंगामात बॉयलर पेटवला तेव्हा जबाबदार इंजिनिअर म्हणून माझं नाव लागलं होतं. पूजा झाली, आगीने जोर धरला, आणि आम्ही सगळे वाफेचा दाब चढायची वाट पाहत उभे राहिलो. आग आपण लावायची, पाणी आपण राखायचं. दाब त्याच्या वेळेनेच चढतो. पूर्वी त्या वाट पाहण्याचा मला फार कंटाळा यायचा. त्या दिवशी दाब दाखवणाऱ्या काट्याकडे न बघता मी नुसता हात जोडून उभा होतो.