बर्फातले कपडे

हेमांगी कांबळे सिस्टर नाकावर माशी बसू देत नसे. ठाण्यातल्या एका सरकारी दवाखान्यात अत्याचार झालेल्या बायकामुलींची तपासणी असली, की डॉक्टरांच्या जोडीला तीच. “पोरगी तिथे गेलीच कशाला?” असं एखादा हवालदार बोलला, की त्याला ती सरळ दाराबाहेर काढायची. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ही रीत ऐकली की तिचं डोकंच फिरायचं. मुलीशी बोलताना मात्र तोच आवाज इतका मऊ व्हायचा, की ऐकणाऱ्याला खरं वाटू नये.

सुट्टीच्या दिवशी ती कोपरच्या घरून निघून खाडीकाठच्या कोळीवाड्यांत बायकांच्या बैठका घ्यायची. आडपडदा न ठेवता बोलायची. “घरात असं काही घडलं तर पोरीला आधी जवळ घ्या. अब्रू गेली म्हणून रडत आंघोळ घालू नका. कपडे धुवू नका, जपून ठेवा, घेऊन या.” बायका माना खाली घालून ऐकायच्या.

त्यांच्यातलीच मासळी विकणारी वासंती एका सकाळी पंधरा वर्षांच्या लेकीला, प्रीतीला, घेऊन दवाखान्यात आली. नवऱ्याचा बोटीतला भागीदार दगडू, ज्याला पोरगी काका म्हणायची, त्यानेच आदल्या दुपारी घात केला होता. घरचे म्हणत होते, गपचूप मिटवा. वासंतीने कुणाचं ऐकलं नाही. तिने मासळीचा थर्माकोलचा खोका पुढे केला.

“तुमी सांगलेलं तसाच केला, सिस्टर. कपडे धवले नाय. बर्फान ठेवलं, खराब नाय होनार.”

बर्फाचं पाणी झालं होतं. पिशवी गळकी, आतले कपडे ओलेचिंब. असे कपडे सुके, कागदात ठेवायचे असतात. ओलाव्याने पुरावा नासतो. इतक्या बैठका घेतल्या, पण जपून म्हणजे कसं, हे हेमांगीने एकदाही सांगितलं नव्हतं. जिचा जन्म मासळी टिकवण्यात गेला, ती बर्फ सोडून दुसरं काय करणार?

हेमांगीचा चेहरा पाहून वासंतीने विचारलं, “माल गेला ना, सिस्टर?” नासलेलं ओळखायला तिला कुणी शिकवायला नको होतं.

“चूक माझी आहे, ताई. मी अर्धवट सांगितलं. कपडे तरीही प्रयोगशाळेत पाठवू. प्रीती हो म्हणाली तर तपासणीही करू. आणि तिचं सांगणं, तोच मोठा पुरावा.”

वासंती भिंतीला टेकून खाली बसली आणि ओले हात पदराला पुसत राहिली. प्रीतीने आईच्या खांद्याला धरून हळूच विचारलं, “म्हंजी मना कितींदा सांगाचा लागंल?”

पोलिसांना, डॉक्टरांना, न्यायाधीशांना, मग दगडूच्या वकिलाच्या प्रत्येक उलट प्रश्नाला. हेमांगीला सगळं ठाऊक होतं. पोरींशी ती कधी खोटं बोलली नव्हती, आणि खरं सांगायला तिचं तोंड उघडेना.